सुलक्षणाबाईंची गावपळण

आई आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. बाहेर मी आणि गाडीचा मालक प्रीतम, दोघंही त्या अरुंद दाराकडे बघत उभे राहिलो. तोवर प्रीतमने मोठ्या हौसेने सोफा दाखवला होता, सोफ्याचा पलंग कसा होतो ते दाखवलं होतं, शेगडी, फ्रीज, टीव्ही, बाहेर ओढून उघडायची कापडी पडवी, सगळं दाखवलं होतं. आईंनी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हटलं आणि पुढे सरकल्या. संडासाचं दार दिसलं तसा मात्र त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि त्या आत शिरल्या.

"काकूंना बरं नाहीये का?" प्रीतमने मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, बऱ्या आहेत. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, मग फ्लशचा, मग पुन्हा एकदा फ्लशचा. मग आईंचा.

"गाडी चालू कर रे बाबा. एक चक्कर मारून आण."

"काकू, आधी बाहेर येऊन सीटवर बसा ना. मग मारू चक्कर."

"सीटवर बसून काय बघू? सीट सगळ्याच गाड्यांना असते."

प्रीतमने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मी या बाईंची सून आहे, मला माहीत होतं की त्यांनी लावलेली कडी त्यांच्याच हाताने निघते. शेवटी तो मुकाट्याने पुढे जाऊन बसला आणि अंधेरीतल्या त्या मागच्या गल्लीतून त्याचं ते भलं मोठं मोटरहोम बाहेर पडलं. रस्ता कुठल्याशा पाइपासाठी खणलेला, वर गतिरोधक. मी ओट्याला धरून उभी होते तरी दोनदा आपटले. एका रिक्षावाल्याने अचानक वळण घेतलं म्हणून प्रीतमने असा ब्रेक मारला, की मला वाटलं, आता आत काही तरी झालं. आतून काही आवाज आला नाही.

परत प्रीतमच्या शेडमध्ये आल्यावर कडी निघाली. आई बाहेर आल्या, पदर सारखा केला, ओले हात रुमालाला पुसले. चेहरा असा, की माझ्या लग्नातही मी तो पाहिला नव्हता.

"झकास आहे," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "अशा किती गाड्या आहेत तुझ्याकडे?"

"तीन. कोणत्या तारखेला पाहिजेत?"

"तारीख अजून ठरायची आहे."

"कोण ठरवणार? काका?"

"देव," आई म्हणाल्या.

प्रीतम हसला. त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, आणि ते त्याला समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

आमचं गाव ओसरवण, मालवणकडे. माझं माहेर मुलुंडचं, तिथे आमचं गाव म्हणजे चेकनाक्यापर्यंतचं मुलुंड. त्यामुळे गावपळण हा प्रकार मला लग्नानंतरच कळला. दर काही वर्षांनी, देवदिवाळी झाली की, ओसरवणातला एकूण एक माणूस घराला कुलूप लावून गावाच्या शिवेबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. गाईगुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं बरोबर. गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही. शिवेपलीकडच्या काजूच्या बागांत झावळ्यांच्या रावट्या उभारून लोक राहतात, भजनं म्हणतात, पत्ते खेळतात, आणि चौथ्या दिवशी ग्रामदेवाने कौल दिला की वाजतगाजत घरी परततात. का, असं विचारायचं नसतं. तारीखही देवच कौल लावून देतो, आणि ती अगदी ऐन वेळी देतो. मग कांजूरमार्गची आमची मुंबईकर मंडळी गाड्या भरून गावाकडे पळतात.

या गाड्यांचं सगळं माझे सासरे बघायचे. त्यांचं नाव लवू. फोर्टच्या एका ऑफिसात ते आयुष्यभर लिफ्टमन होते, आणि माणसं मोजून आत घ्यायची, दार लावायचं आणि मध्येच कोणासाठी थांबायचं नाही, ही सवय त्यांच्या अंगात भिनली होती. गणपती असोत की गावपळण, गळ्यात शिट्टी अडकवून बाबा बसच्या दारात उभे राहायचे. गाडी ठरल्या तीन ठिकाणी थांबेल. चौथा थांबा मागणाऱ्याला ते इतकं बोलायचे, की पुढच्या वेळी तो आधीच जेवून, जाऊन, सगळं आटपून यायचा.

त्या गाडीत आई मात्र कधी नसायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, गावाचा विषय निघाला की आईंचे गुडघे दुखायचे, नाही तर घरात कोणीतरी राहायला हवं असायचं. खरं कारण म्हणून मला जे सांगण्यात आलं ते असं, की गावातल्या थोरल्या जाऊबाई द्रौपदीकाकी आणि आई यांचं फाटलं होतं. मागे एकदा आई गावाहून निघत असताना काकींनी रीतीप्रमाणे वाटेला लागणाऱ्यासाठी पाण्याचा तांब्या पुढे केला. घरातून निघताना ओसरवणात ते पाणी पितात, म्हणजे माणूस परत येतो. आईंनी तो तांब्या तोंडाला न लावता परत दिला. काकी चारचौघांत म्हणाल्या, "आमचां पाणीसुदा तुका चलना नाय." त्यानंतर आई गावाला गेल्या नाहीत. लोक म्हणायचे, सुलक्षणा मुंबईची झाली, तिला गर्व चढला.

मीही तेच धरून चालले होते. मग एके दिवशी माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण कुटुंबासह मोटरहोमने भंडारदऱ्याला गेली आणि तिने व्हिडिओ पाठवला. रात्रीच्या पोळ्या करताना मी तो आईंना दाखवला. सोफा आला, टीव्ही आला, आई लाटत राहिल्या. मग मैत्रिणीने एक छोटं दार उघडून दाखवलं.

"हे काय?" आईंनी लाटणं थांबवलं.

"टॉयलेट."

"चालत्या गाडीत?"

मी हो म्हटलं. आईंनी कणकेच्या हातानेच माझा फोन घेतला आणि तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्या भांडुपला औषधांच्या पॅकिंगमध्ये होत्या, माझा नवरा सुबोध शाळेत जायचा तेव्हापासून. सुट्टी मिळायची एकदाच, आणि तेवढ्या वेळात सगळ्या बायकांना एकच संडास. मध्ये उठलं की सुपरवायझर नाव घेऊन हाक मारायचा. म्हणून घरातून निघताना पाणी प्यायचं नाही, तिथे तर मुळीच प्यायचं नाही, हे त्या शिकल्या. वर्षानुवर्षं असं केल्यावर व्हायचं तेच झालं. सारखी जळजळ, सारखी औषधं, आणि नोकरी संपेपर्यंत अशी स्थिती, की लघवी आली की आली, धरवत नाही. आणि त्या शेवटच्या गावच्या फेरीत, जाताना, माणगावच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. गाडी थांबली नाही. त्या तशाच भिजलेल्या लुगड्यावर ओसरवणपर्यंत बसल्या आणि सगळे उतरल्यावर उतरल्या. परतीच्या दिवशी काकींनी तांब्या पुढे केला तेव्हा पुन्हा तोच रस्ता समोर होता.

"बाबांना माहीत आहे?" मी विचारलं.

"गाडी थांबवू नको असं सांगणारे तेच होते," आई म्हणाल्या आणि चिमटा लावला. "मला एकदा जायचंय गं गावाला. द्रौपदीवहिनी आता थकल्या. त्यांच्या मनात ते तसंच ठेवून मला नाही राहायचं."

मला रडू आलं. आईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, आधी गाडी डोळ्यांनी बघू, मगच कोणाजवळ बोलू. म्हणून आम्ही अंधेरीला गेलो होतो आणि म्हणून त्यांनी आतून कडी लावली होती.

पुढच्या रविवारी कांजूरच्या व्यायामशाळेत ग्रामस्थ मंडळाची सभा होती. कौल कधीही येईल, तयारी ठेवायला हवी, म्हणून सगळे जमले होते. बाबा उभे राहून सांगत होते, दोन बस, नेहमीचेच तीन थांबे, प्रत्येकाने एकच बोचकं आणायचं. अध्यक्ष भीमराजकाका शेजारी बसून मान डोलवत होते. बाबांचं बोलून झालं तशा मागच्या रांगेतून आई उठल्या. त्या सभेत बाई उठून बोलते ती फक्त चहा तयार आहे हे सांगायला.

"माका एक बोलूचां आसा," आई म्हणाल्या. "मी गावाक येत नाय. तुमी समाजतास, जावांचां पटना नाय. तसां काय नाय. माका लघवी धरवत नाय."

आईंनी पुढचंही सांगितलं, माणगावचं, लुगड्याचं, सगळं. आवाज न चढवता, बाजारहाट सांगावा तसं. गाडी थांबली नाही एवढंच त्या म्हणाल्या. कोणी थांबवली नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पण शिट्टी कोणाच्या गळ्यात असते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबा बसले नाहीत की हलले नाहीत. लिफ्ट मध्येच बंद पडावी तसे ते उभे होते.

मग आईंनी मोटरहोमचं सांगितलं. बायकांनी त्या गाड्यांतून जायचं, पुरुषांनी मागून बसने.

भीमराजकाकांनी घसा खाकरला. त्यांचं म्हणणं, एकट्या सुलक्षणावहिनींची अडचण आहे, ती समजू शकते, पण एकीसाठी सगळ्यांना कशाला. त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी त्यांचीच बायको उठली. ती म्हणाली, गावाला जायचं असलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही आणि चिपळूणला पोचेपर्यंत तिचं डोकं फुटायची वेळ येते. काकांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती कोणी दुसरीच बाई आहे. मग दुसरी उठली, तिसरी उठली. एकीची सून बाळंतीण होती आणि ती फडक्यांच्या घड्या घेऊन बसायची. एकीने गाव सोडून दिलं होतं आणि घरी सांगितलं होतं की गाडी लागते. जिला बोलायचं नव्हतं तिने नुसता हात वर केला. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण हात वर नसलेल्या बायका मोजणं सोपं होतं.

भीमराजकाकांनी शेवटचं अस्त्र काढलं. देवाच्या कामाला संडास घेऊन जायचा? शिवेवर उभा करायचा? गावचे मानकरी ऐकून घेतील का? गावाला विचारायला हवं.

"गावाक कित्याक?" आई म्हणाल्या. "तारीख देवाक विचारतात, ह्यांव देवाकच विचारा."

पण देवासमोर गाऱ्हाणं घालायला घरातलं कोणीतरी गावात हवं, आणि आमच्या घरातलं गावात एकच माणूस होतं. सभा संपली तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. आई द्रौपदीकाकींना फोन करतील का?

आईंनी घरी येऊन चहा घेतला, हात धुतले आणि मला नंबर लावायला सांगितलं. स्पीकरवर ठेव म्हणाल्या, काकींना कमी ऐकू येतं.

"वयनी, मी सुलू."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. त्यातून काकींचा आवाज आला. "कोण गेला?"

"कोण नाय गेला. माझांच सांगूचां आसा."

आणि आईंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, पण या वेळी त्यांचा आवाज स्थिर राहिला नाही. तांब्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मगे त्या दिवशी तांब्यो परत दिलंस, तो त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठीच."

"गो बायो, माका सांगूचां नाय?" काकी म्हणाल्या. "इतकी वर्सां मी तुझ्या नावान बोटां मोडतंय."

दोघी रडल्या, एक कांजूरला आणि एक ओसरवणला, आणि फोन चालू ठेवून रडल्या. आतल्या खोलीत बाबा होते. दार लोटलेलं होतं, पण आमचं घर काही एवढं मोठं नाही की ऐकू जाऊ नये.

कौल लागला त्या दिवशी काकींनी स्वतःहून फोन केला. गावपळणीची तारीख तर देवाने दिलीच. पण गाडीचं विचारताना पुजाऱ्याने तो शब्द देवासमोर उच्चारायला नकार दिला. पाषाणाला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवलेल्या, मानकरी हात जोडून उभे, आणि पुजारी नुसताच "बायकांची गाडी" म्हणतोय. काकी पुढे झाल्या. त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं.

"मी मोठ्यान सांगलंय. देवा, गाडयेत संडास आसा. गाडी शिवेच्या भायर उभी ऱ्हवतली. तुका चलात तर उजवी कळी दी. पुजाऱ्यान मान वर करूच्या आदी उजवी कळी पडली."

त्यानंतर आमच्या घराला जे उधाण आलं त्याला तोड नाही. पैशांचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. बायकांच्या डब्यांत पुरुषांना माहीत नसलेलं बरंच काही असतं. प्रीतमने तारीख ऐकून डोक्याला हात लावला, एका गोव्याच्या पार्टीला पुढे ढकललं आणि तिन्ही गाड्या आम्हाला दिल्या. आईंनी कोणाला कुठल्या गाडीत घ्यायचं ते ठरवलं. साखरेची औषधं घेणाऱ्या दाराजवळ, बाळंतीण मागच्या पलंगावर, घोरणाऱ्या सगळ्या एका गाडीत. गाडीच्या टाकीत पाणी पुरणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी वाटेवरच्या नातेवाइकांना फोन लावले. महाडला कोणाची बहीण, लांज्याला कोणाचा व्याही, सगळ्यांना एकच काम, नळाला पाइप लावून ठेवा. सुबोध म्हणाला, आई, तू तर यार कंपनी चालवशील. आई म्हणाल्या, तू आधी पाइप आण.

निघायच्या सकाळी गाड्या चाळीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळा कांजूर बघायला आला. बाबा त्यांच्या बसच्या दारात न जाता आईंकडे आले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि आईंच्या हातात दिली. आईंनी शिट्टी पदराने पुसली, तोंडाला लावली आणि अशी वाजवली, की समोरच्या दुकानातून माणसं बाहेर आली.

त्या प्रवासाचं मला आजही हसू येतं. बायका पाणी पीत होत्या. नुसतं पाणी, पण लग्नात सरबत प्यावं तशा एकमेकींना आग्रह करून करून पीत होत्या. भीमराजकाकांच्या बायकोने पेण यायच्या आत बाटली संपवली आणि संडासाच्या उघड्या दाराकडे विजयी मुद्रेने गेली. माणगावला मागची बस थांबली, आणि तिथल्या संडासाची अवस्था बघून भीमराजकाका आमच्या गाडीच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनाही साखर होती. बराच वेळ ते हवापाण्याचं बोलले.

"जावा," आई म्हणाल्या. "चपला भायर काढा."

आई दोनदा आत गेल्या. पण मी बघत होते, त्यांच्या हातातली बाटली तशीच होती. सगळ्यांना पाणी देऊन झालं, त्यांनी स्वतः एखादा घोट घेतला असेल नसेल. इतक्या वर्षांची भीती एका कडीने निघत नाही.

आम्ही शिवेवर पोचलो तेव्हा गाव बाहेर पडत होतं. ढोल वाजत होता. गुरांच्या मागे माणसं, माणसांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. काकी एक कोंबडा काखेत मारून आल्या. वाकल्या होत्या, फार थकल्या होत्या. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आता मिठी मारतील. काकींनी कोंबडा आईंच्या हातात दिला आणि गाडीला एक चक्कर घातली. मग पायरी चढून आत डोकावल्या.

"आमच्या घरापेक्षा बरां आसा," त्या म्हणाल्या.

आईंना इतक्या वर्षांनी गाव भेटलं ते बंद असलेलं. घर काजूच्या झाडांतून दिसत होतं, कुलूप लावलेलं, आणि जाता येत नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं थांबले, आता देव म्हणेल तेवढे दिवस थांबते.

अडचण आली ती वेगळीच. आमच्या बायका कमी होत्या म्हणून की काय, गावातल्या म्हाताऱ्याही गाड्यांपाशी यायला लागल्या. गुडघ्यांनी झुडपामागे बसवत नाही त्या कोणाला सांगणार? दुसऱ्या सकाळी गाड्यांखालच्या मैल्याच्या टाक्या भरल्या. ड्रायव्हर म्हणाले, टाकी ओतणं आमचं काम नाही, आधीच सांगितलं होतं. पुरुषमंडळी अचानक गुरांच्या चाऱ्याबद्दल बोलू लागली. सुबोधनेही आभाळाकडे पाहिलं. त्याचं मी नंतर बघून घेतलं.

बाबांनी कोणालाच विचारलं नाही. फावडं घेतलं, ओढ्यापासून लांब, उतारावर एक खोल खड्डा खणला, टाक्या एकेक करून ओढून नेल्या, ओतल्या, माती लोटली, धुतल्या आणि परत बसवल्या. गावात मान असलेल्या घरातला माणूस, आणि सगळा गाव बघत असताना. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी ते परत आले तेव्हा आईंनी चुलीवर पाणी तापवून ठेवलं होतं आणि दगडावर साबणाची वडी काढून ठेवली होती. मी जवळच भांडी घासत होते.

"तेव्हा माका नीट सांगलां असतंस तर," बाबा म्हणाले.

"शिट्टी तुमच्या तोंडात होती," आई म्हणाल्या. "सांगतलंय कोणाक?"

बाबांनी मान हलवली आणि हात पुढे केले. आईंनी त्यांच्या हातांवर पाणी ओतलं, दोन्ही बाजूंनी, कोपरापर्यंत.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि गाव परत गावात शिरलं. काकींनी कुलूप काढलं, पण आधी आईंना आत जाऊ दिलं. आईंनी घरभर हिंडून भिंतींना हात लावले, तुळशीला पाणी घातलं, काकींच्या चुलीत लाकूड सारलं. दुपारी जेवणं झाली आणि आमची निघायची वेळ झाली. गाड्या रस्त्याला लागून उभ्या राहिल्या. बायका चढल्या. इंजिनं सुरू झाली.

काकी खळ्यात, घरासमोरच्या अंगणात आल्या. हातात तोच पितळी तांब्या, चिंचेने घासून लख्ख केलेला. त्या पायऱ्यांपाशी थांबल्या आणि तांब्या पुढे करावा की नाही, अशा उभ्या राहिल्या.

"पुढच्या गावपळणीक मी असन काय नाय, कोणाक ठावक," त्या म्हणाल्या.

आईंनी शिट्टी काढून माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. मला वाटलं, एक घोट घेतील, रीत होईल. त्या पीत राहिल्या. पाणी हनुवटीवरून गळ्याशी ओघळलं, पदर भिजला, तरी पीत राहिल्या. तांब्या पालथा झाला तेव्हाच त्यांनी तो खाली घेतला आणि श्वास सोडला.

"वयनी, आजून आसा?" त्यांनी विचारलं.

काकी एवढ्या थकलेल्या, पण झपझप आत गेल्या. घडवंचीवरच्या घागरीत तांब्या बुडाल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. रस्त्यावर पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि गिअर टाकला. गाडी थोडी पुढे सरकली.

बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून.

"थांब जरा," ते म्हणाले. "ती पाणी पिता हा."

तिन्ही गाड्या थांबल्या, आणि मागची बसही.